रदबदली: दुसऱ्यांसाठी केलेल्या प्रार्थनेची पार्श्वभूमी

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय उघडला की मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, 'रदबदल्या' हा शब्द भेटतो. सर्व माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना, रदबदल्या कराव्यात, असे तिथे सांगितले आहे. शब्द कचेरी-दरबारातला. ज्याचे मामलेदारापुढे काही चालत नाही, त्याच्यासाठी एखाद्या वजनदार माणसाने शब्द टाकायचा, ती रदबदली. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, आजाऱ्यांची, परगावी गेलेल्यांची नावे घेतली जातात, तेव्हा आपण हेच करतो. फरक एवढाच की इथे शब्द टाकणाऱ्याला वजन लागत नाही. हे सुरुवातीपासून असे नव्हते.

जुन्या करारात रदबदली करतात ती मोठी माणसे. नाशाच्या उंबरठ्यावर असलेल्या सदोम नगरासाठी अब्राहाम देवाशी घासाघीस करतो, पन्नास नीतिमानांपासून दहांपर्यंत खाली येतो. सोन्याचे वासरू केलेल्या लोकांसाठी मोशे उभा राहतो आणि म्हणतो, यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझेच नाव काढून टाक. स्वतःचे नाव पणाला लावणारी ही प्रार्थना वाचताना मी दरवेळी थांबतो. लोकांनी राजा मागून शमुवेल संदेष्ट्याला दुखावले होते, तरी त्यांच्यासाठी प्रार्थना करायचे सोडणे तो पाप समजतो. महायाजकाच्या ऊरपटावर, म्हणजे छातीवरच्या पट्टीवर, बारा रत्ने आणि त्यांवर बारा वंशांची नावे कोरलेली. लोकांची नावे छातीवर घेऊन एकट्याने पवित्रस्थानात जायचे, बाकीच्यांनी बाहेर थांबायचे.

नव्या करारात हे काम येशू स्वतःकडे घेतो. 'तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे,' असे तो पेत्राला सांगतो, तेही पेत्र आपल्याला नाकारणार हे ठाऊक असताना. वधस्तंभावर तो मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. तो आपल्यासाठी मध्यस्थी करण्यास सदा जिवंत आहे, असे इब्री लोकांस पत्र म्हणते. आता कोणाला बाहेर थांबावे लागत नाही. पेत्र तुरुंगात असताना मार्काच्या आईच्या घरी जमलेली मंडळी रात्री प्रार्थना करत होती. पेत्र सुटून दारात आला, रोदा नावाच्या मुलीने त्याचा आवाज ओळखला, आणि कोणाचाच तिच्यावर विश्वास बसेना. माझ्यासारख्याला त्या घराचा मोठा आधार वाटतो.

इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक रोममधल्या उपासनेचे वर्णन करतो. त्यातही स्वतःसाठी, नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि सर्वत्र असलेल्या सर्वांसाठी एकत्र प्रार्थना आहे. पुढे चाळीसएक वर्षांनी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन लिहितो की, ज्या सम्राटाच्या राज्यात आमचा छळ होतो त्याच्यासाठी आम्ही दीर्घायुष्य मागतो. ना पद, ना मान, अशा लोकांनी सम्राटासाठी केलेली ही रदबदली होती.

या इतिहासात एक डागही आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. रोमन परंपरेतल्या शुभ शुक्रवारच्या प्रार्थनांमध्ये यहुद्यांसाठीही प्रार्थना होती, पण तिच्यात त्यांना अविश्वासू ठरवणारा शब्द होता. इतर प्रार्थनांना गुडघे टेकायचे आणि या एकीला नाही, अशीही रीत शतकानुशतके चालली. तो शब्द १९५९ मध्ये पोप तेविसावे योहान यांनी काढला. ज्याचे नाव तुच्छतेने घेतले, त्याच्यासाठी प्रार्थना झाली असे मला म्हणवत नाही. रविवारच्या मिस्सातून, म्हणजे कॅथोलिक उपासनेतून, बहुतेक लोप पावलेली सर्वांसाठीची प्रार्थना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये परत आणली, आणि आधार घेतला तो तीमथ्याच्या त्याच वचनाचा.

प्रॉटेस्टंट मंडळींत हे काम सामान्य विश्वासणाऱ्यांच्या हाती येण्याला जर्मनीतल्या हेर्नहूटने जोर दिला. घरदार सोडून आलेल्या मोरावियन निर्वासितांच्या या वस्तीत १७२७ च्या ऑगस्टमध्ये चोवीस पुरुष आणि चोवीस स्त्रियांनी दिवसरात्रीचे तास वाटून घेतले. ती साखळी शंभर वर्षांहून अधिक टिकली. आपल्याकडे लुधियानातल्या मिशनऱ्यांनी १८५८ मध्ये जगभरच्या मंडळींना आवाहन केले आणि जानेवारी १८६० पासून वर्षारंभीचा प्रार्थना सप्ताह सुरू झाला.

पण मला सगळ्यांत जवळचे वाटते ते केडगाव. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या या गावात पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना आणले. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्याही आल्या. उपाशी, टाकून दिलेल्या, कित्येक बालविधवा. जगाच्या दृष्टीने या मुली म्हणजे इतरांनी ज्यांच्यासाठी प्रार्थना करावी अशा. रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत त्यांच्याकडेच मागणे केले: रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? सत्तरजणी पुढे आल्या. जूनपर्यंत संख्या पाचशेच्या पुढे गेली. विषय होता भारतातल्या सर्व ख्रिस्ती लोकांचे, त्यात आपणही आलोच, खरे परिवर्तन व्हावे आणि प्रत्येक देशातल्या ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्मा ओतला जावा. जूनच्या अखेरीस मुक्ती सदनात, म्हणजे रमाबाईंच्या या केडगावच्या आश्रमात, जागृती झाली. पापांची कबुली, रडणे, रात्र रात्र प्रार्थना. मग मुलींच्या तुकड्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला निघाल्या.

या जागृतीबद्दल लिहिणारे बहुतेक लोक जूनमध्ये काय घडले यावर भर देतात. माझे मन मात्र आधीच्या पाच महिन्यांत अडकते. कधीही न पाहिलेल्या देशांची नावे घेत, काही वर्षांपूर्वी रस्त्याकडेला पडलेली एखादी मुलगी गुडघ्यावर बसली होती. केडगावहून 'मुक्ती प्रेअर बेल' हे इंग्रजी पत्रक निघे आणि ते वाचून दूरदूरचे लोक या मुलींसाठी प्रार्थना करत. त्यांच्यासाठी इकडे आधीच प्रार्थना सुरू होती.