भिंतीवरील बुरशी: ती कोठून येते आणि तिचे काय करावे

(बडोद्यातील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

श्रावण लागला की आमच्याकडे दरवर्षी एक ठरलेली मागणी येऊ लागते, ती म्हणजे गणपती बसण्याच्या आत दिवाणखान्याची किंवा देवघराची डागाळलेली भिंत रंगवून द्यावी. दांडिया बाजार, रावपुरा आणि मांडवी या भागांतील जुन्या मराठी घरांतून ही मागणी येते, तशीच शहराच्या कडेच्या नव्या फ्लॅटमधूनही येते. तिच्यामागची भावना आम्हांला परकी नाही. तरीही ओल्या भिंतीवर रंग चढवण्याचे काम आम्ही स्वीकारत नाही, कारण असा रंग बहुधा दिवाळीच्या सुमारास फुगून सुटतो, त्याच्याखाली बुरशी आधीपेक्षा जास्त पसरलेली सापडते आणि ग्राहकाला त्याच भिंतीसाठी दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात. आमच्या नकारामागचे कारण आपल्याला नीट कळावे आणि घरच्या घरी करता येण्यासारखे जे आहे ते आपण निर्धास्तपणे करावे, यासाठी हे पत्रक लिहिले आहे.

बुरशी आणि लोणा यांतील फरक

प्रथम भिंतीवर जे दिसते आहे ते बुरशीच आहे का, हे पाहावे. जमिनीलगतच्या भिंतीवर पांढरा, पिठासारखा किंवा सुयांसारखा जो थर येतो तो पुष्कळदा लोणा असतो. विटांतील आणि मातीतील क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागावर येतात आणि पाणी उडून गेले की ते तेथेच राहतात. त्यावर बोटाने पाण्याचा थेंब लावल्यास लोणा विरघळून दिसेनासा होतो. बुरशी विरघळत नाही. लोण्याने गिलावा खिळखिळा होतो, पण लोणा सजीव नाही आणि हवेतून पसरत नाही. बुरशी काळे, हिरवट, करडे किंवा क्वचित गुलाबी ठिपके धरते, ते ठिपके गोलाकार वाढत एकमेकांत मिसळतात, आणि खोलीत शिरताच जुन्या बंद ट्रंकेसारखा कुबट वास येतो. हा वास येत असूनही डाग कोठे दिसत नसेल, तर कपाटाची पाठ, पलंगाची डोक्याकडील बाजू, माळा आणि पीओपीच्या छताची वरची बाजू पाहावी.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र आणि बाराही महिने असतात. कोणतेही घर त्यांपासून मुक्त नाही व करताही येत नाही. त्यांना खाद्य म्हणून भिंतीवरची धूळ, रंगातील चिकट द्रव्य, लाकूड, कागद, कापूस, चामडे यांपैकी काहीही चालते, आणि आपल्याला मानवणारे तापमान त्यांनाही मानवते. त्यांच्या गरजांपैकी पाणी ही एकच गरज आपल्या हाती आहे. भिंत हाताला ओली लागलीच पाहिजे असेही नाही. पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या आसपास राहिली, तरी बुरशीला तेवढे पुरते.

रंगावरून ती किती घातक आहे हे ठरवता येत नाही. या संदर्भात २०२१ पासून ग्राहकांच्या मनात एक भीती घर करून बसलेली आम्ही पाहतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गुजरातमध्ये ज्या आजाराला ‘काळी बुरशी’ म्हटले गेले तो म्युकरमायकोसिस होता. त्याची बुरशी वेगळ्या गटातील आहे, आणि भिंतीवरच्या काळ्या डागांना ते नाव लावणे योग्य नाही. त्या आजारातील ‘काळी’ हा शब्द मृत झालेल्या ऊतींच्या रंगावरून आला. भिंतीवरची बुरशी बहुतेकांना शिंका, नाक चोंदणे, डोळे चुरचुरणे, खोकला असा त्रास देते आणि दमा असलेल्यांचा दमा वाढवते. मात्र लहान मुले, वृद्ध, दम्याचे रुग्ण, अनियंत्रित मधुमेह असलेले आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे कमी झाली आहे, अशा व्यक्तींनी बुरशी लागलेल्या खोलीत झोपू नये आणि ती साफ करण्याचे काम तर मुळीच करू नये. त्रास होत असल्यास डॉक्टरांना दाखवावे आणि घरात ओल आहे हे त्यांना आवर्जून सांगावे, कारण ही गोष्ट रुग्ण बहुधा सांगायची विसरतो.

पाणी कोठून येते

आमच्या कामाचा निम्म्याहून अधिक वेळ या एका प्रश्नात जातो, आणि तो जायलाच हवा. ‘भेज (म्हणजे ओल) आला आहे’ एवढे म्हणून भागत नाही. तो जमिनीतून आला, गच्चीवरून आला, नळातून आला की हवेतून आला, यावर पुढचा सगळा उपाय अवलंबून असतो.

गच्चीची आणि नळाची गळती ओळखणे त्यातल्या त्यात सोपे. गच्चीचा डाग छतावर किंवा भिंतीच्या माथ्याशी येतो आणि पाऊस थांबल्यावर काही दिवसांनी फिका पडतो. चायना मोझेकच्या (गच्चीवरील टाइल्सच्या तुकड्यांच्या थराच्या) फुटलेल्या कडा, तुंबलेले पन्हाळे आणि पाण्याच्या टाकीखालची जागा तेथे आधी तपासावी. नळाचा डाग मे महिन्यातही ओला राहतो आणि बहुधा न्हाणीघराच्या किंवा मोरीच्या पलीकडच्या भिंतीवर असतो.

जमिनीतून चढणारी ओल हे जुन्या बडोद्याचे खरे दुखणे. जोत्यावर ओलरोधक थर नसलेल्या भिंतीत, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे जमिनीतील पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून चढते आणि साधारणपणे तीन ते चार फुटांवर थांबते. चुन्यात बांधलेल्या भिंती हे पाणी मुकाट्याने हवेत सोडून देत असत. पुढे त्यांवर सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढला, काही घरांत कमरेपर्यंत टाइल्स लागल्या, आणि पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद झाली. मग तेच पाणी टाइल्सच्या वर, पाच-सहा फुटांवर डोके काढते, आणि ग्राहकाला वाटते की आणखी वरपर्यंत टाइल्स लावाव्यात. कृपया तसे करू नये. अशा भिंतीचा ओलावलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या किमान एक फूट वरपर्यंत काढून टाकावा, शक्य तेथे जोत्याच्या पातळीवर भोके पाडून ओलरोधक द्रव्य भरावे, भिंत पुरती सुकू द्यावी, आणि मग चुन्याचा गिलावा करून वर चुन्याचाच किंवा हवा खेळू देणारा रंग द्यावा. या कामाला वेळ लागतो आणि ते स्वस्त नाही, हे आम्ही आधीच सांगतो.

हवेतून येणारे पाणी सर्वांत जास्त फसवते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ३० अंश तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते, तर २० अंशांची हवा सुमारे १७ ग्रॅमच. दमट हवा थंड पृष्ठभागाला टेकली की जास्तीचे पाणी तेथे उतरते. एका खोलीत एसी रात्रभर चालतो आणि तिला लागून असलेल्या बंद खोलीत पावसाळी हवा भरलेली असते, अशा घरात मधली भिंत एसी नसलेल्या बाजूने काळवंडते. ग्राहक तेथे नळ शोधत राहतात, आणि नळ तेथे नसतोच. घरात वाळत घातलेले कपडे, झाकण न ठेवता उकळणारी भांडी, गरम पाण्याची आंघोळ आणि दारे-खिडक्या लावून झोपलेली माणसे हे सगळे हवेत पाणी सोडतात. पाण्याचा कूलर मे महिन्यात ठीक आहे. जून संपल्यावर तो चालवणे म्हणजे बुरशीला रोज पाणी घालणे आहे.

‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा सर्वमान्य सल्ला आपल्या पावसाळ्यात निम्माच खरा आहे. बाहेर संततधार लागलेली असताना दिवसभर उघड्या राहिलेल्या खिडकीतून दमट हवाच आत येते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांचा पंखा वापरानंतर अर्धा तास चालू ठेवावा, उघडीप पडून ऊन आले की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, आणि झड लागलेल्या दिवसांत त्या बंद ठेवून एसी असल्यास तो ‘ड्राय’वर चालवावा. आर्द्रता मोजणारे छोटे घड्याळासारखे यंत्र काही शे रुपयांत मिळते. घरातील आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहील असे पाहावे. कपाटे बाहेरच्या भिंतीपासून तीन-चार इंच दूर ठेवावीत. डांबराच्या गोळ्यांनी कसर दूर राहते, बुरशी राहत नाही, तेव्हा पैठण्या आणि शालू केवळ त्यांच्या भरवशावर पावसाळाभर बंद ठेवू नयेत.

भिंतीतील पाणी आतून येते की हवेतून, हे पाहण्यासाठी हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा जाड कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस बसवावा. थेंब कागदाच्या खोलीकडील बाजूस दिसले तर पाणी हवेतले, भिंतीकडील बाजूस दिसले तर भिंतीतले.

साफ करताना

सुमारे तीन फूट लांब व तीन फूट रुंद एवढा डाग असेल, तर निरोगी प्रौढ माणसाने तो घरी साफ करण्यास हरकत नाही. त्याहून मोठ्या डागासाठी आम्हांला किंवा अन्य जाणकारांना बोलवावे. नाका-तोंडावर एन-९५ मास्क असावा. ओढणी किंवा रुमाल बीजाणू अडवत नाही. रबरी हातमोजे व चष्मा घालावा, छताचा पंखा बंद करावा, खोलीचे दार लावून खिडकी उघडावी. कोरड्या भिंतीवर पत्रा किंवा ब्रश कधीही घासू नये, कारण त्याने लक्षावधी बीजाणू घरभर उडतात. आधी साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारून डाग भिजवावा, फडक्याने पुसून घ्यावा, फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे, आणि मग ती जागा पंख्याने पूर्ण कोरडी करावी.

ब्लीचविषयी आमचे मत स्पष्ट आहे. टाइल्स, काच, सिंक अशा पाणी न शोषणाऱ्या पृष्ठभागांवर एक भाग ब्लीच व सोळा भाग पाणी या प्रमाणात ते चालते. गिलाव्यावर त्याने डागाचा रंग जातो, पण आत रुजलेले तंतू राहतात आणि वर पाण्याची भर पडते. संडास-फरशी धुण्याचे अॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, एकापाठोपाठ एकही वापरू नये. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. अमोनिया असलेल्या काचसफाईच्या द्रवाबरोबरही ब्लीच वापरू नये.

पुराचे पाणी शिरले असल्यास

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी ज्या घरांत शिरले, त्यांतील काही घरांत आम्ही पुढचे अनेक महिने काम केले. वस्तू भिजल्यावर बुरशी धरण्यास साधारण २४ ते ४८ तास पुरतात, म्हणून पाणी ओसरल्याबरोबर, वायरमनने वीजजोडणी तपासून दिल्यानंतर, सुकवण्यास लागावे. पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले असते. त्यात भिजलेल्या कापसाच्या गाद्या, उशा, फोमचे सोफे आणि फुगलेले प्लायवूड ठेवून घेण्याचा मोह आवरावा. आजीच्या हातची गोधडी टाकणे जिवावर येते हे आम्ही पाहिले आहे. ती कापडाचीच असेल तर गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात अनेक दिवस वाळवून पाहावी. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटण्याआधी सुटे करून सावलीत, हवेवर पसरावेत. नऊ इंची विटांची भिंत पूर्णपणे सुकायला कित्येक महिने लागतात, आणि पृष्ठभाग कोरडा दिसला म्हणून आतील वीट कोरडी झाली असे समजू नये.

रंग केव्हा द्यावा

बडोद्याचा एप्रिल-मे अंगाची लाही करतो, पण भिंतीसाठी त्यासारखा काळ नाही. गच्चीचे, गिलाव्याचे आणि जोत्याचे काम आम्ही शक्यतो याच दिवसांत धरतो. गणपतीपूर्वी घर नीटनेटके दिसावे असे वाटत असेल, तर डाग वर सांगितल्याप्रमाणे साफ करून त्यावर चुन्याचा पातळ हात द्यावा. चुना अल्कधर्मी असल्याने बुरशीला सहजासहजी थारा देत नाही, आणि उन्हाळ्यात खरे काम करताना तो आड येत नाही. मखरामागे भिंतीपासून वीतभर अंतर सोडून पडदा लावला, तरी उत्सवाचे दिवस छान निभावतात.

आम्हांला पाहणीसाठी बोलावताना भिंत आधी पुसू किंवा रंगवू नये, कारण डागाचा आकारच पाण्याची दिशा सांगतो. डाग प्रथम कोणत्या महिन्यात दिसला, शेवटचा रंग केव्हा व कोणता दिला, भिंतीच्या पलीकडे काय आहे आणि वरच्या मजल्यावरील न्हाणीघर कोठे येते, एवढे आठवून ठेवावे. पाहणीच्या वेळी आम्ही ओल मोजण्याच्या यंत्राने भिंतीच्या निरनिराळ्या उंचींवरील नोंदी घेतो, त्यांची प्रत आपल्याला देतो, आणि काम झाल्यावर रंग लावण्यापूर्वी त्याच ठिकाणी पुन्हा मोजून दाखवतो.