बुद्ध्यांकाचा आकडा म्हणजे वजनकाटा नव्हे

‘बुद्ध्यांक एकदा काढला की जन्मभर तोच, दोन डॉक्टरांनी दोन निदानं सांगितली तर एक नक्की खोटा.’ पालकांच्या ग्रुपवर हे वर्षानुवर्षं फिरतंय. धास्तावलेल्या आईबापांना ते पटतं, यात नवल नाही. पण ते खरं नाही.

चाचणीत सरासरी १०० धरतात. ७२ आले, तर खरा आकडा साधारण ६७ ते ७७ मध्ये कुठेतरी मानतात. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांत तर तो पुढे बराच हलू शकतो. त्यातून आपलं सोलापूर! पूर्व भागातलं पोर घरी तेलुगू बोलतं, अक्कलकोटकडचं कन्नड. त्याला मराठीत ‘किल्ली कशाला लागते?’ विचारलं आणि ते गप्प बसलं, तर कमी काय पडलं, भाषा की बुद्धी?

निदानांचंही तसंच. स्वमग्नता (ऑटिझम) आणि अतिचंचलता (एडीएचडी) एकाच मुलात असू शकतात. एक डॉक्टर एक बाजू बघतो, दुसरा दुसरी.

पडताळायला रिपोर्टच काढा. चाचणी कोणती, कुठल्या भाषेत, पोराचं तेव्हाचं वय किती? जेवण, कपडे, खेळ यांतलं रोजचं वागणं तपासलंय का? नुसत्या आकड्यावर बौद्धिक अक्षमतेचं निदान होत नाही. आणि कानांची तपासणी झालीय का, हे आधी बघा.