रेप्लिका उभी राहिली, पण लॉट सापडेना

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर जातो, वीज येत-जात राहते आणि कोंदट खोलीतला सर्व्हर मान टाकतो. म्हणून धरणगाव-चोपड्याकडची एखादी जिनिंग आपला डेटा दोन ठिकाणी ठेवते असं धरू: मुख्य सर्व्हर मिलमध्ये, त्याची चालती प्रत, म्हणजे रेप्लिका, दुसऱ्या गावी. डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल. मुख्य सर्व्हर प्रत्येक बदल आधी 'वॉल' नावाच्या लॉगमध्ये लिहितो. रेप्लिका तो लॉग ओढून घेते आणि आपल्या डेटा फाइलींचं पानन्‌पान तसंच्या तसं बदलत जाते.

रेप्लिका बंद पडली की हात आधी रीस्टार्टकडे जातो. त्याआधी तिच्या स्वतःच्या संदेशांच्या लॉगच्या (वॉल नव्हे) शेवटच्या ओळी वाचाव्यात, कारण आजार तिथेच लिहिलेला असतो. हवा असलेला वॉलचा तुकडा मुख्य सर्व्हरने आधीच पुसला, असं लिहिलं असेल तर दोन गावांमधली नेटची लाइन बराच वेळ बंद होती आणि रेप्लिका मागे पडली, एवढंच. प्रोसेस सिग्नल 9 ने, म्हणजे सक्तीने बंद करण्याच्या हुकमाने, मारली गेली असेल तर बहुधा मेमरी संपली. पण वॉलमध्ये अवैध पानांचा उल्लेख आहे, असं म्हणत ती पॅनिक झाली, म्हणजे स्वतःहूनच थांबली असेल, तर प्रतच बिघडली आहे. ती नव्याने घेणंच बरं.

खरा धोका इथून पुढे आहे. नवी प्रत घ्यायची म्हणून नवं मशीन येतं, त्यावर नवं लिनक्स असतं. रेप्लिका सुरू होते, सगळं हिरवं दिसतं. मात्र अक्षरांचा क्रम लावण्याचा नियम पोस्टग्रेस सहसा ऑपरेटिंग सिस्टीमच्या जीलिबसी लायब्ररीकडून घेतो, आणि 2018 साली आलेल्या 2.28 या आवृत्तीत तो नियम मोठ्या प्रमाणावर बदलला. जुन्या नियमात '11' आधी आणि '1-1' नंतर, कारण पहिल्या फेरीत आडवी रेघ धरलीच जात नसे. नव्या नियमात '1-1' आधी.

इंडेक्स, म्हणजे नोंद चटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची, हा क्रमावरच उभा असतो. लॉट (कापसाची खेप) नंबर '1-1' शोधताना डेटाबेस सगळी नोंदवही चाळत नाही. वाटेत '11' दिसला की नव्या नियमाने '1-1' त्याच्या अलीकडेच असणार, असं धरून तो तिकडे वळतो. इंडेक्स मात्र जुन्या मशीनवर बांधलेला, तिथून जसाच्या तसा आलेला. नोंद टेबलात शाबूत असते, तरी उत्तर येतं: असा लॉट नाही. पुढे मुख्य सर्व्हर बसला आणि रेप्लिकालाच मुख्य केलं, की मुनीम तोच लॉट पुन्हा भरतो. एकच नंबर दोनदा येऊ नये म्हणून लावलेला युनिक इंडेक्सही त्याच चुकीच्या वाटेने बघतो आणि नोंद आत घेतो. बंद पडलेली रेप्लिका निदान ओरडते तरी. हा बिघाड सहसा गप्प राहतो, म्हणून मला तो जास्त घातक वाटतो.

चेकसममध्ये, म्हणजे पान जसं लिहिलं तसंच आहे का हे बघणाऱ्या पडताळणीत, हे सापडत नाही, कारण पानावरचा एकही बिट बिघडलेला नसतो. क्रम तपासायला 2017 च्या आवृत्ती 10 पासून 'एमचेक' हे एक्स्टेन्शन पोस्टग्रेससोबतच मिळतं. त्यातलं 'बीटी_इंडेक्स_चेक' हलकं लॉक घेतं, त्यामुळे रेप्लिकावरही चालतं. मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स त्याने रेप्लिकावरच तपासावेत. मुख्य सर्व्हरवर तोच इंडेक्स त्याच्या नियमाप्रमाणे बरोबरच असतो, तिथे काही हाती लागणार नाही. 'हीपऑलइंडेक्स्ड' हा पर्याय लावला तर टेबलातली प्रत्येक नोंद इंडेक्समध्ये आहे का, तेही कळतं. आवृत्ती 14.0 ते 14.3 मध्ये चालू कामात इंडेक्स बांधताना नोंदी सुटत होत्या (जून 2022 मध्ये 14.4 ने ते दुरुस्त केलं), तसला बिघाड याच पर्यायाने सापडतो.

रेप्लिकावर री-इंडेक्स, म्हणजे इंडेक्सची नव्याने बांधणी, करता येत नाही, कारण ती फक्त वाचता येते. म्हणून दोन्ही मशीनवर जीलिबसीची आवृत्ती एकच ठेवायची. लिनक्स बदलायचंच असेल तर लॉजिकल रेप्लिकेशन घ्यावं. त्यात पानं जात नाहीत, नोंदी जातात आणि नवं मशीन आपला इंडेक्स आपल्या नियमाने बांधतं. रेप्लिका आधीच मुख्य झाली असेल तर री-इंडेक्सला पर्याय नाही, पण दुबार लॉट शिरले असतील तर युनिक इंडेक्सची बांधणी तिथेच अडते. दोनपैकी खरी नोंद कोणती, हे पोस्टग्रेस सांगू शकत नाही. त्यासाठी काटापावत्या काढून बसावं लागतं, आणि ते झाल्यावरच री-इंडेक्स.