लम्पी ओसरला, पण कशानं?

पावसाळा आला की सोलापूर जिल्ह्यात लम्पीची, म्हणजे गाई-बैलांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या साथीच्या रोगाची, धास्ती पुन्हा डोकं वर काढते आणि थंडी पडेपर्यंत ‘लसीकरणामुळे साथ आटोक्यात’ या धाटणीची एखादी प्रेसनोट निघते. सोबत किती लाख मात्रा दिल्या, त्याचा आकडा. लस निरुपयोगी आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण मात्रांच्या आकड्यावरून सरकारनं काय केलं एवढंच कळतं. त्यामुळे काय घडलं, हे कळत नाही. या दोन गोष्टींमधल्या दरीत एक सुंदर गणित दडलंय आणि ते मला सांगायचंय.

आधी थोडी ओळख. लम्पीचा विषाणू देवीच्या कुळातला, शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचा सख्खा भाऊबंद. १९२९ मध्ये आजच्या झांबियात हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात सापडला. माणसाला होत नाही, त्यामुळे २०२२ मध्ये लोकांनी दूध टाकून दिलं ते विनाकारण. पसरतो तो मुख्यतः चावऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमुळे. माशी एका गोठ्यातून शेजारच्या गोठ्यात जाते. लांबची उडी मात्र टेम्पोत चढवलेलं जनावर मारतं. म्हणूनच २०२२ मध्ये राज्यात जनावरांचे बाजार बंद ठेवले होते. सांगोल्याचा बाजार बंद म्हणजे काय, हे खिलार जातीचे बैल पाळणाऱ्यांना सांगायला नको.

आता गणित. एका भागात १००० गाई-बैल आहेत आणि कुणालाच या रोगाची प्रतिकारशक्ती नाही असं धरू. एक आजारी जनावर सरासरी दोघांना लागण करतं. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. पण हे असंच चालू राहत नाही. ५०० जनावरांना लागण होऊन गेली की माशी ज्या जनावराला चावते, ते निम्म्या वेळा आधीच आजार भोगलेलं निघतं. मग दोघांऐवजी एकालाच लागण होते. तिथं साथीचा आलेख शिखरावर पोचतो आणि त्यानंतर उतरायला लागतो. लस नसताना, औषध नसताना, कुणी काहीही केलेलं नसताना.

गंमत पुढे आहे. ५०० ला शिखर आलं म्हणून साथ ५०० वर थांबत नाही. त्या घडीला आजारी असलेली जनावरं अजून लागण करतच असतात, फक्त प्रत्येकी एकाहून कमी. उतारावरची ही घसरण जवळपास ८०० पर्यंत जाते. उरलेली २०० जनावरं रोग न होताच सुटतात आणि त्यांच्या प्रत्येक मालकाकडे आपापलं कारण तयार असतं. कुणी लशीचं नाव घेतो, कुणी धुराचं, कुणी देवाचं.

खऱ्या लम्पीचं चित्र इतकं सुबक नसतं. लागण झालेल्या बऱ्याच जनावरांच्या अंगावर गाठी येतच नाहीत, त्यामुळे किती जनावरं ‘होऊन गेलेली’ आहेत हे डोळ्यांना दिसत नाही आणि उतार आणखीच चमत्कारासारखा वाटतो. शिवाय सोलापुरात मोठा पाऊस सप्टेंबरचा. माश्या-डासांचा जोर त्याच्या मागेपुढे आणि थंडीत तो ओसरतो. म्हणजे लस, आपोआप येणारा उतार आणि ऋतू, हे तिघं एकाच महिन्यांत काम करत असतात. श्रेय कुणाला द्यायचं?

उपाय नेहमी शिखराजवळच सुरू होतात, कारण घबराट तेव्हाच शिगेला पोचते. पूर्वी गावात पटकी (कॉलरा) आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेत. गाडा निघायचा तो माणसं पटापट मरू लागल्यावर, म्हणजे शिखराच्या आसपास. मग साथ उतरायची आणि मरीआई पावली असं ठरायचं. गाडा पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलला जायचा, ते वेगळंच. आपण त्याला अंधश्रद्धा म्हणतो आणि ते बरोबरच आहे. पण ‘आधी केसेस इतक्या, उपाय केला, नंतर इतक्या’ एवढ्याच आधारावर उभी असलेली प्रेसनोट तर्काच्या बाबतीत त्या गाड्याहून वेगळी नाही. लम्पीवर घरगुती उपाय म्हणून चारल्या जाणाऱ्या विड्याची पानं, मिरी, मीठ, गुळाच्या लाडवाचंही तेच. शंभरातली पंच्याण्णवच्या आसपास जनावरं एरवीही वाचतात. पाचव्या दिवशी लाडू चारला की यश लाडवाच्या पदरात.

उलटी फसगतही होते. २०२२ मध्ये बाधित गावाभोवती ५ किलोमीटरच्या परिघात आधी लस द्यायची, असं धोरण होतं. शास्त्राला धरूनच होतं. पण त्यामुळे लस नेमकी रोग पोचलेल्या ठिकाणी गेली. विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी यायला साधारण ४ ते १४ दिवस लागतात, तर लशीचं पूर्ण संरक्षण मिळायला तीनेक आठवडे. मग लस दिल्यावर आठव्या दिवशी गाठी आल्या की चावडीवर निकाल लागतो, ‘लशीनंच लम्पी झाला.’ कच्च्या आकड्यांतही लसीकरण झालेल्या गावांत रोग जास्त दिसू शकतो. एकाच माहितीतून लस अमृत ठरते आणि विषही. चूक आकड्यांची नाही, तुलना कुणाशी करायची तिथं चूक आहे.

यातून सुटायचा मार्ग फार जुना आहे: चिठ्ठी. लस कधीच सगळीकडे एकाच दिवशी पोचत नाही; साठा टप्प्याटप्प्यानं येतो, पथकं मोजकी असतात. कुठला तरी क्रम लागणारच. तो कुणाच्या फोनवर ठरण्याऐवजी चिठ्ठ्या टाकून ठरवावा. अकरा तालुके तुलनेला कमी पडतात, म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यांची कार्यक्षेत्रं घ्यावीत. दर आठवड्याला काही क्षेत्रं ‘लस न मिळालेल्या’ गटातून ‘मिळालेल्या’ गटात जातील. लस दिल्यानंतरचे पहिले २१ दिवस हिशेबातून वगळायचे. त्याच आठवड्यात दोन्ही गटांमधल्या नव्या केसेस ताडून पाहायच्या. ऋतू दोघांना सारखाच. आपोआप येणारा उतार कुठं आधी, कुठं नंतर येईल, पण चिठ्ठीला ते ठाऊक नसतं, म्हणून तो दोन्ही गटांत विखुरला जातो. उरतो तो फरक लशीचा. कुणालाही लशीपासून वंचित ठेवलेलं नाही आणि लशीचा एक रुपयाही जास्त लागलेला नाही.

परिघाचंच धोरण ठेवायचं असेल तर चिठ्ठी चालणार नाही, पण तारखा चालतील. २०१६ मध्ये बाल्कन देशांत लम्पीचे ७,४८३ उद्रेक नोंदले गेले, व्यापक लसीकरणानंतर २०१७ मध्ये ३८५. हा आकडा एकटा घेतला तर तोही गाड्याचाच तर्क झाला असता. पण तिथं गोठ्याची लसीकरणाची तारीख आणि रोग आल्याची तारीख हाताशी होती. रोज, अजून रोग न आलेल्या गोठ्यांपैकी लस घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना किती धोका आहे, हे त्यातून मोजता आलं. लशीची परिणामकारकता सरासरी ८० टक्क्यांच्या घरात निघाली. अमुक लस इतकी चालते, हे वाक्य सरकारला म्हणायचं असेल तर ते असं कमवावं लागतं.

आपल्याकडे सामग्री नाही असंही नाही. जनावरांच्या कानात १२ आकडी बिल्ला आहे. मेलेल्या जनावरांसाठी राज्यानं मदत जाहीर केली होती, दुभत्याला ३० हजार, ओढकामाच्या बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये. म्हणजे मृत्यूंचीही कागदोपत्री नोंद झाली. जनावरांच्या साथरोगांबद्दलच्या २००९ च्या कायद्यानं सरकारला बाजार बंद करण्याचे, वाहतूक रोखण्याचे अधिकार दिलेत आणि ते वापरले की शेतकऱ्याचा हंगाम बुडतो. एवढा अधिकार वापरणाऱ्यानं नंतर हिशेब मांडायला हवा, तोही यशाची व्याख्या आधी जाहीर करून. साथ सरल्यावर ठरवलेली व्याख्या कुणालाही पास करते. बर्ड फ्लूमध्ये कोंबड्या मारण्याचा परीघ असो की डाळिंबाच्या तेल्या रोगावरची मोहीम, प्रश्न हाच. महालेखापरीक्षक पैसा कुठं गेला ते तपासतील, पण तारखाच लिहिलेल्या नसतील तर परिणाम त्यांनाही तपासता येणार नाही.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ म्हणतं की महत्त्वाची माहिती मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करा. मालकाचं नाव नको, फोन नको. गाव, लसीकरणाची तारीख, पहिल्या गाठीची तारीख, जनावर जगलं की मेलं, एवढे चार रकाने पुरेत. ते त्याच आठवड्यात भरले गेले पाहिजेत, कारण २०२२ मध्ये वापरलेली लस शेळ्यांच्या देवीची होती आणि तिच्यामुळे रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं (रोगाशी लढणारे घटक) व खऱ्या लागणीची प्रतिपिंडं नेहमीच्या रक्ततपासणीत वेगळी ओळखता येत नाहीत. वर्षभरानं कितीही नमुने गोळा केले तरी या गाईला लशीनं वाचवलं की ती रोग भोगून उठली, हे त्या तपासणीतून कळणार नाही.