उभ्याने मोठा मासा गरवणं: खुर्चीपासून पट्ट्यापर्यंत

मोठ्या समुद्री माशाशी काठी-रीळ घेऊन झुंजायचं म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती ऐटबाज बोट, तिच्या मागच्या मोकळ्या जागेत रोवलेली फिरती खुर्ची आणि त्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेला माणूस. छोट्या बोटीवर उभं राहून हेच करणं म्हणजे अलीकडचं धाडस, असा अनेकांचा समज असतो. पण हा खेळ सुरूच छोट्या बोटीतून झाला. खुर्ची मागाहून आली, काही दशकं राज्य करून गेली आणि तिच्यावाचून निभावता येतं हे लोकांना अडचणीतून कळलं.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर सांता कॅटलिना नावाचं बेट आहे. तिथल्या ॲव्हलॉन गावात लोक हातगरीने, म्हणजे नुसत्या हातातल्या दोरीने, ढिगाने मासे ओढायचे. कोकणातला गरवणारा पोटासाठी दोरी टाकतो. तिथे हौशी मंडळी मजेखातर मासे ओढत आणि बरेचसे वाया घालवत. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या निसर्ग अभ्यासक लेखकाला ते पाहवेना. जून 1898 मध्ये त्याने एका वल्हवायच्या बोटीतून, काठी आणि रिळावर, 183 पौंडांचा म्हणजे सुमारे 83 किलोचा ब्लूफिन ट्यूना धरला. (ट्यूना म्हणजे आपला कुपा, पण ब्लूफिन हा त्या घराण्यातला पैलवान.) झुंज पावणेचार तास चालली आणि तेवढा वेळ मासा बोट ओढत होता. त्याच वर्षी होल्डरने तिथे ट्यूना क्लब काढला आणि दोरी किती जाड चालेल याचे नियम घातले. दुसऱ्याच वर्षी मोरहाउस नावाच्या कर्नलने तिथेच 251 पौंडांचा ट्यूना काढला.

तेव्हाचं सामान कसलं होतं, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. दोरी तागासारख्या जवसाच्या धाग्याची, लिननची. धागे मोजून तिची ताकद ठरायची. भिजलेला एक धागा साधारण तीन पौंड पेलतो, म्हणून क्लबची 24 धाग्यांची दोरी 72 पौंडांची. ती कुजू नये म्हणून रोज संध्याकाळी रिळावरून उलगडून वाळत घालायची. रिळाला आतला ब्रेक नव्हता. मासा पळाला की दोरीबरोबर मूठही उलटी गरागरा फिरायची आणि बोटं फुटायची. वेग कमी करायला चामड्याचा तुकडा अंगठ्याने चकरीवर दाबायचा, बस.

ही भानगड मिटवली तिथेच गरवणाऱ्या विल्यम बॉशेन या हौशी माणसाने. त्याने सुचवलेल्या रचनेप्रमाणे ज्यूलियस वॉम होफने आतल्या आत घसरणारा ब्रेक आणि बाहेरून पिळायचं चांदणीच्या आकाराचं चाक असलेलं रीळ बनवलं. मासा दोरी नेत राहतो आणि मूठ जागच्या जागी थांबते. 1913 मध्ये बॉशेनने कॅटलिनाजवळ काठी-रिळावर पहिला स्वोर्डफिश, म्हणजे तलवारीसारखी लांब चोच असलेला मासा, धरला. माझ्या मते या खेळातला खरा दुभाजक हाच. त्याआधी मासा दमेपर्यंत वाट पाहायची होती. त्यानंतर माशावर किती ओझं टाकायचं, हे माणूस ठरवू लागला.

ओझं वाढलं तसं ते पेलायचं कशावर हा प्रश्न आला. 1930 च्या दशकात बहामातल्या बिमिनीला मोठे ट्यूना लागत, पण वर येईपर्यंत शार्क त्यांचे लचके तोडत. मासा अखंड हवा तर तो झटपट ओढायला हवा. अर्नेस्ट हेमिंग्वेने 1935 मध्ये तिथे अखंड ट्यूना काढून दाखवला. त्याची ‘पिलार’ बोट 38 फुटांची होती, म्हणजे होल्डरच्या होडीपुढे वाडाच. अशाच बोटींवर फिरती खुर्ची रुजली. पाय रोवायला फळी, काठीचा बुंधा अडकवायला खोबण, कंबरेमागे पट्टा. माणूस पायांनी जोर लावतो आणि कप्तान बोट माशाच्या दिशेने मागे घेतो. म्हणजे झुंजीतलं अर्धं काम इंजिन करतं, हे खुर्चीतला माणूस फारसं बोलून दाखवत नाही. आल्फ्रेड ग्लासेलने 1953 मध्ये पेरूच्या काबो ब्लँकोजवळ 1,560 पौंडांचा, म्हणजे 707 किलोचा ब्लॅक मार्लिन (हाही भाल्यासारख्या चोचीचा मोठा मासा) काढला. तो विक्रम अजून उभा आहे.

पण खुर्चीला मजबूत पाया लागतो, ती फिरवायला एक माणूस लागतो आणि सुकाणूवर कप्तान लागतो. वीस-बावीस फुटांच्या बोटीत हे सगळं मावत नाही.

तोडगा निघाला तो मात्र छोट्या बोटीवर नव्हे, गर्दीच्या बोटीवर. सॅन डिएगोहून मेक्सिकोच्या रेव्हियाहिहेदो बेटांकडे लांब पल्ल्याच्या बोटी जात. वीस-पंचवीस गिऱ्हाइकं काठाला ओळीने उभी आणि बोट नांगरलेली. कर्ट विझेनहटरने 1 एप्रिल 1977 रोजी तिथल्या सान बेनेदिक्तो बेटाजवळ 388 पौंड 12 औंसांचा यलोफिन ट्यूना धरला. असा मासा बोटीभोवती फेऱ्या मारतो. त्याच्यामागे माणसालाही चालावं लागतं, शेजाऱ्याच्या दोरीखालून काठी काढत, पुढून मागे, मागून पुढे. तिथे खुर्ची कुठे ठेवणार? आधार माणसाच्या अंगाबरोबरच फिरायला हवा होता. (2017 मध्ये मेक्सिकोने ती बेटं राष्ट्रीय उद्यान केली आणि तिथली मासेमारी बंद झाली.)

1980 च्या दशकात यातून आजचा संच घडला. आधी काठी आखूड झाली, सात फुटांवरून साडेपाचच्या आसपास. काठी ही तरफ आहे आणि ती माशाच्या बाजूने काम करते: दोरी टोकाशी ओढते, आपण बुंध्याशी धरतो, म्हणून टोक जितकं लांब तितकं ओझं आपल्या कंबरेवर. मग पट्टा खाली सरकला. जुना पट्टा खांद्यांवर किंवा कमरेच्या वर बसायचा आणि पाठ मोडायची. नवा पट्टा नितंबांखाली बसतो, त्याच्या दोन कड्या रिळाला अडकतात आणि बुंधा मांड्यांवर टेकलेल्या प्लेटच्या खोबणीत बसतो. गुडघे किंचित वाकवून अदृश्य स्टुलावर बसल्यासारखं मागे रेलायचं. हात मोकळे सोडले तरी काठी जागेवर राहिली, तर पट्टा नीट बसला असं समजायचं. मार्शा बिअरमनने आखूड काठी घेऊन, उभ्याने, दोन हजारांहून जास्त मार्लिन आणि सेलफिशच्या जातीचे मासे धरून सोडून दिले, तेव्हा हे फक्त दांडगटांचं काम आहे हा समज गेला.

रीळही बदललं. दोन वेगांच्या रिळाला एक बटण असतं. मासा बोटीखाली खोल जाऊन अडून बसला की ते दाबून हलक्या गिअरवर इंचाइंचाने ओढता येतं. 1990 च्या दशकात पॉलिथिलीनची विणलेली दोरी आली. ती तेवढ्याच ताकदीच्या नायलॉनच्या निम्म्याहून बारीक असते, त्यामुळे छोट्या रिळात पुष्कळ दोरी मावते आणि हातातलं वजन उतरतं.

छोटी बोट तोवर तयारच होती. बोस्टन व्हेलरची फोम भरलेली, न बुडणारी 13 फुटी बोट 1958 मध्ये आली. 1961 मध्ये कंपनीचा मालक रिचर्ड फिशरने ती करवतीने मधोमध कापून अर्धी बोट चालवून दाखवली. पुढच्या दशकात सुकाणू मधोमध आणि चारी बाजूंनी चालायला वाट, अशा बोटी रूढ झाल्या. उभ्याने झुंजायला नेमकी हीच मांडणी लागते.

म्हणून आज अशी बोट सजवताना पैसे कुठे घालायचे, याचं उत्तर या इतिहासातच आहे. काठ मांडीपर्यंत यायला हवा. गुडघ्याला लागणारा काठ माणसाला उलटं पाडतो. पायाखाली खरखरीत तळ. नांगराच्या दोरीला मोठा तरंगता गोळा बांधलेला, म्हणजे मासा लागताच नांगर सोडून त्याच्यामागे जाता येतं. 80 पौंडी दोरीचा ब्रेक तिच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे साधारण 9 ते 12 किलो. तो अंदाजाने नव्हे, हुक असलेल्या वजनकाट्याने दोरी ओढून लावायचा. आणि पट्ट्याच्या कड्या एका झटक्यात सुटतात का, हे किनाऱ्यावरच तपासायचं, कारण ब्रेक अडकला तर रिळाबरोबर माणूसही पाण्यात जातो. मागे एकाने पट्टा धरून उभं राहायचं, मात्र काठीला हात लावायचा नाही. 1939 मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या आयजीएफए या विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेचा तसा नियम आहे. दुसऱ्याचा हात काठीला लागला, किंवा दमून काठी बोटीच्या काठावर टेकवली, की तो मासा विक्रमासाठी बाद.