आधी जिवाणू, मग मासे

खाऱ्या पाण्याचा फिशटँक नव्याने लावणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: "पाणी अगदी नितळ होतं, फिल्टर चालू होता, हीटर होता, तरी आठवड्याच्या आत मासे गेले." पाणी नितळ म्हणजे पाणी चांगलं, ही समजूत मला या छंदातली सगळ्यात घातक समजूत वाटते. अमोनियाला रंग नसतो. मासा मरेल इतका अमोनिया टाकीत साठला तरी आपल्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाही. मासा मेला की "घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं" म्हणणारेही भेटतात. संकट टाकीतलंच असतं, आणि ते त्याच माशाच्या कल्ल्यांतून बाहेर पडलेलं असतं.

सामानाचं आधी उरकून घेऊ. काचेची टाकी, हीटर, पाणी खेळतं ठेवणारा छोटा पंप, दिवा, क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तपासायची टेस्ट किट. तळाला वाळू, वर सच्छिद्र खडक. तापमान २५ अंशांच्या आसपास. पाणी आरओचं, आणि त्यात मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून ८५ टक्क्यांच्या आसपास भरतात; उरलेल्या हिश्श्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असतात आणि त्यांच्याशिवाय ते समुद्राचं पाणी होत नाही. मीठ वेगळ्या बादलीत पूर्ण विरघळवूनच टाकीत ओतावं.

टाकी लहान म्हणजे सांभाळायला सोपी, असंही अनेकांना वाटतं. ४० लिटरच्या टाकीतून २ लिटर पाणी उडून गेलं तर मीठ मागेच राहतं आणि ३५ ची क्षारता ३७ च्या जवळ जाते. ४०० लिटरमधून तेवढंच पाणी उडालं तर फरक रिफ्रॅक्टोमीटरवर धड दिसणारही नाही. म्हणून रोजची भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची. जागा असेल तर पहिली टाकी निदान ८०-१०० लिटरची घ्यावी, चुका पोटात घालायला तिच्यात थोडी जागा असते.

आता अमोनियाकडे येतो, खरी गंमत तिथे आहे.

माशाच्या खाण्यात प्रथिनं भरपूर. प्रथिनांमधला जादा नायट्रोजन आपण यूरिया करून लघवीवाटे टाकतो; मासा एवढी खटपट करत नाही. त्याचा बराचसा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात कल्ल्यांमधून थेट पाण्यात जातो. अथांग समुद्रात हे खपून जातं. टाकीत तो साठत जातो, आणि बाहेर तो वाढला की आतला बाहेर पडायचा थांबतो.

पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक, विद्युतभार नसलेला अमोनिया, जो कल्ल्यांच्या पेशींतून सहज आरपार जातो. दुसरा, एक हायड्रोजन आयन चिकटून धनभारित झालेला अमोनियम, जो इतक्या सहज आत शिरू शकत नाही. म्हणजे विषारी म्हणायचा तो मुख्यतः पहिला. या दोघांचं प्रमाण पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, ठरवतो: पीएच एका अंकाने चढला की भाररहित अमोनियाचं अमोनियमशी गुणोत्तर दहापट होतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर दोनशे रेणूंत जेमतेम एखादाच भाररहित असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास, आणि तिथे शंभरात सहा-सात. टेस्ट किट बहुधा दोन्हींची बेरीज दाखवते. त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाकीत निभावून गेलेला आकडा खाऱ्या टाकीत दसपटीने महाग पडतो. "आमचे गप्पी या आकड्याला मजेत होते" हा अनुभव इथे कामाचा नाही.

यावरचा उपाय जिवाणूंकडे आहे. १८७७ साली श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडीच्या उभ्या नळीतून सांडपाणी सावकाश झिरपू दिलं. पहिले वीस दिवस अमोनिया जसा गेला तसाच बाहेर आला. त्यानंतर खाली नायट्रेट उतरू लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तर हे थांबलं. ती काढून मातीचा अर्क घातला तर पुन्हा सुरू झालं. वाळू नुसतीच गाळत असती तर वीस दिवस थांबली नसती आणि क्लोरोफॉर्मने बेशुद्धही पडली नसती. तिच्यावर काहीतरी जिवंत वाढत होतं. नवी टाकी भरून ठेवणारा प्रत्येक जण हाच प्रयोग पुन्हा करत असतो.

१८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की यांनी हे जिवाणू वेगळे केले, आणि ते दोन पाळ्यांत काम करतात हे कळलं. पहिली टोळी अमोनियाचं ऑक्सिडीकरण करून नायट्राइट बनवते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. दोघी सेंद्रिय अन्नावर जगत नाहीत. याच रासायनिक क्रियेतून ऊर्जा काढतात आणि शरीरासाठी लागणारा कार्बन पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात, तेही सूर्यप्रकाशाशिवाय. धंदा मात्र तोट्याच्या सीमेवरचा. अमोनियापासून मिळणारे इलेक्ट्रॉन कार्बन बांधण्यासाठी पुरेशा उच्च ऊर्जापातळीवर नसतात, म्हणून मिळवलेल्या ऊर्जेचा एक वाटा खर्च करून जिवाणूला ते उलट्या दिशेने, चढावर ढकलावे लागतात. नायट्राइट खाणाऱ्यांची कमाई तर रेणूमागे अमोनियावाल्यांच्या साधारण पाव.

त्यामुळे वाढ मंद. अनुकूल परिस्थितीत आपल्या आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. या मंडळींना दुप्पट व्हायला एखादा दिवस लागतो. हजारांचे कोटी व्हायला १३-१४ दुपटी लागतात. ई. कोलायचे पाच तासही होत नाहीत, यांचे दोन आठवडे जातात. त्यात दुसरी टोळी पहिलीने नायट्राइट बनवल्याशिवाय कामालाच लागत नाही. नव्या टाकीला चार ते सहा आठवडे द्या असं अनुभवी लोक सांगतात, ते या गणितातून आलेलं आहे.

गोष्ट इथेही संपत नाही. २००५ मध्ये अमोनिया खाणारा एक वेगळाच सूक्ष्मजीव प्रथमच शुद्ध स्वरूपात वाढवता आला, नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. तो जिवाणू नाहीच, आर्किया या निराळ्या शाखेतला आहे, आणि सापडला कुठे, तर सिॲटलच्या सार्वजनिक मत्स्यालयाच्या टाकीत! त्याचे भाईबंद महासागरात अफाट संख्येने आहेत हेही पुढे स्पष्ट झालं. आणि २०१५ मध्ये अमोनिया ते नायट्रेट हा सगळा प्रवास एकहाती करणारे नायट्रोस्पायरा जिवाणू सापडले. शंभर-सव्वाशे वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिलेली दोन पाळ्यांची कहाणी त्यामुळे अपुरी ठरली.

प्रत्यक्षात करायचं ते एवढंच. रिकाम्या टाकीत, म्हणजे मासा नसलेल्या, अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत न्यायचा. ते नसेल तर माशांचं खाणं चिमूटभर टाकून कुजू द्यायचं. जास्त घातल्याने काम लवकर होत नाही. अमोनिया फार चढला तर नायट्राइटवाल्या जिवाणूंचंच काम अडतं. पंप जोरात ठेवावा, कारण या सूक्ष्मजीवांना प्राणवायू हवा, आणि खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने कमी विरघळतो. दिवा बंद ठेवला तरी चालतो, शेवाळ तेवढंच कमी. दोन-तीन दिवसांआड तपासलं की आधी अमोनिया उतरताना आणि नायट्राइट चढताना दिसतं, मग नायट्राइट उतरून नायट्रेट चढतं. २ मिलिग्रॅमचा डोस २४ तासांत संपून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. पूर्वी या काळात काटक डॅमसेल मासे सोडायची रीत होती. मला ती निव्वळ क्रूर वाटते, आणि जगलेला डॅमसेल पुढे टाकीतला गुंड होतो तो वेगळाच.

"आज बाटली ओता, आजच मासे सोडा" अशा जाहिराती असतात. बाटलीत योग्य जातीचे जिवाणू जिवंत असतील तर वेळ खरंच वाचतो. उन्हात पडून ते मेलेले असतील तर तुम्ही गढूळ पाणी विकत घेतलंत. निकाल टेस्ट किटवर लावावा, लेबलवर नाही.

हे सूक्ष्मजीव राहतात खडकावर, वाळूवर, फिल्टरच्या स्पंजमध्ये. मोकळ्या पाण्यात थोडेच. म्हणून पाणी बदलल्याने ते जात नाहीत. स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली चकाचक धुतला की मात्र जातात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. नायट्रेटचा थोडा भाग सच्छिद्र खडकाच्या आत, प्राणवायू पोचत नाही अशा खोलीवर, दुसरे जिवाणू नायट्रोजन वायूत बदलतात. बाकीचं नायट्रेट पाणी बदलून काढायचं.

मग मासे. जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या खाण्याइतकीच राहते, म्हणून एकदम पाच मासे नकोत. एक-दोन सोडून काही आठवडे थांबावं. तांब्याची औषधं मुख्य टाकीत कधीच नकोत, गोगलगायी आणि कोळंब्या मरतात. सुरुवातीला एखादा गोबी मासा आणि क्लाउनफिशची जोडी पुरे. निळा टँग लहानपणी बोटाएवढा दिसतो, पण जवळजवळ फूटभर वाढतो. मँडरिन मासा दिसायला अप्रतिम, पण दिवसभर कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव, टिपत हिंडतो. नव्या टाकीत ते नसतात, त्यामुळे तो उपाशी मरतो. क्लाउनफिशला समुद्रफूल (समुद्रात तो ज्याच्या आसऱ्याला राहतो तो फुलासारखा प्राणी) लागतंच असं नाही. शत्रू नसलेल्या टाकीत तो त्याच्याशिवाय मजेत राहतो, आणि समुद्रफूल नव्या टाकीत टिकतही नाही.

क्लाउनफिश टाकीतच पैदास झालेले घ्यावेत, आणि दोन घेताना एक मोठा, एक लहान. हे मासे आधी नर म्हणून वाढतात. जोडीतला मोठा मादी होतो आणि लहान नरच राहतो. दोन सारख्याच आकाराचे प्रौढ एकत्र सोडले आणि दोघी आधीच माद्या झालेल्या असल्या, तर परत नर होणं त्यांना जमत नाही, आणि मारामारी बहुतेकदा एक मरेपर्यंत चालते.