जुनी खिडकी: दुरुस्त करावी की बदलावी? (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

वडोदऱ्यातील दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतील जुन्या घरांतून आम्हाला जे निरोप येतात, त्यांतील बहुतेकांचा मजकूर एकच असतो: "खिडक्या काढून स्लायडिंग बसवायच्या आहेत, माप घ्यायला या." आम्ही येतो, मात्र पिशवीतून टेपच्या आधी दाभण काढतो, याचे काही ग्राहकांना नवल वाटते. आम्ही दुरुस्ती आणि नवीन खिडक्या अशी दोन्ही कामे करतो. नवीन ॲल्युमिनियम खिडकी बसवणे आम्हाला सोपे पडते, काम लवकर उरकते आणि धूळही कमी होते. तरीही पाहणीनंतर आम्ही अनेकदा दुरुस्तीच सुचवतो, त्याची कारणे या पत्रकात दिली आहेत.

दाभणाची परीक्षा

खिडकी कुजते ती बहुधा खालून. पावसाचे पाणी झडपेवरून ओघळत खालच्या आडव्या पट्टीवर येते आणि उभ्या पट्टीच्या कापलेल्या टोकातून लाकडात शोषले जाते. म्हणून झडपेची खालची पट्टी, तिचे दोन्ही कोपरे आणि चौकटीचा खालचा आडवा भाग येथे दाभण टोचून पाहावे. ते दोन-तीन मिलिमीटरांवर अडले, तर लाकूड शाबूत आहे. लोण्यात शिरावे तसे अर्धा इंच आत गेले, तर तेवढा भाग गेलेला आहे. हीच परीक्षा वर सरकत करत गेल्यास कूज कोठे थांबते ते कळते आणि आमच्या अनुभवात ती बहुतेक वेळा खालच्या चार-सहा इंचांतच थांबलेली असते. वरची चार फूट खिडकी धडधाकट असते; केवळ रंगाचे पोपडे उडाल्यामुळे ती गेल्यासारखी दिसते.

यामागे लाकडाचा गुण आहे. या भागातील जुन्या खिडक्या पुष्कळदा डांग-वलसाडकडच्या सागाच्या आहेत. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात, त्यामुळे वाळवी (आपल्याकडे उधई म्हणतात तीच) त्याला सहसा लागत नाही. सालीलगतच्या फिकट लाकडाला मात्र हे संरक्षण नसते. पूर्वी निवडून गाभ्याचे लाकूड वापरले जाई. आज त्या प्रतीच्या सागाची नवी खिडकी करायची म्हटल्यास अंदाजपत्रक पाहून ग्राहक स्वतःच दुरुस्तीकडे वळतात.

दुरुस्तीत आम्ही काय करतो

झडपा उतरवून कार्यशाळेत नेतो. चौकट जागेवरच राहते. कुजलेला भाग शाबूत लाकूड लागेपर्यंत कापून तेथे जुन्या सागाचा तुकडा तिरपा सांधा घेऊन बसवतो. तिरप्या सांध्यात चिकटण्यास जागा अधिक मिळते. नव्या तुकड्याच्या रेषा जुन्या लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच ठेवाव्या लागतात, नाहीतर दोन्ही लाकडे वेगवेगळी फुगतात आणि सांधा उघडतो. कुजलेल्या भोकात सिमेंट किंवा एम-सील भरण्याची पद्धत सर्रास आढळते. ती आम्ही वापरत नाही, कारण भरावाच्या कडेने पाणी आत जाते, बाहेर पडत नाही आणि कूज झाकल्या जागी वाढत राहते.

तावदाने शक्यतो जुनीच ठेवतो. ज्या तावदानातून समोरच्या गच्चीची कड किंचित लहरत दिसते, ती काच 1959 साली जाहीर झालेल्या फ्लोट पद्धतीच्या (वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करण्याच्या) आधीच्या रीतीने बनलेली असते. काच बसवण्यासाठी खडूची पूड आणि जवसाचे तेल यांची लांबी (पुट्टी) वापरतो. तिच्यावर साय धरायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तोपर्यंत रंग देता येत नाही. घाई असलेल्या ग्राहकांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

जुना रंग आम्ही पाणी मारून, ओला असतानाच खरवडतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांवर आणणारा नियम भारतात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. म्हणून कोरडा पॉलिशपेपर किंवा ज्योतीचा पंप कोणी वापरत असेल, तर त्यास थांबवावे. काम चालू असताना लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

पावसाळ्यात रंधा मारू नये

श्रावणात झडप अडकू लागली की सुताराला बोलावून ती रंधून घेण्याची चाल आहे. फार वर्षांपूर्वी आम्हीही एका ग्राहकाच्या आग्रहावरून भर पावसात सहा झडपा रंधल्या. एप्रिलमध्ये त्यांच्या फटींतून बोट जाऊ लागले आणि पट्ट्या आम्हाला स्वखर्चाने जोडून द्याव्या लागल्या. लाकूड दमट हवेत आडवे फुगते, लांबीत जवळजवळ नाही. कोरड्या हवेत ते पुन्हा आकसते. अडकणाऱ्या झडपेची बिजागरी आधी तपासावी, कारण पुष्कळदा सैल झालेल्या स्क्रूंमुळे झडप उतरलेली असते. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी ज्या घरांत शिरले, तेथेही आम्ही खिडक्या आधी सावलीत सावकाश वाळू दिल्या आणि मापकावर ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास आल्यावरच हत्यार लावले.

उष्णता आणि वारा

ॲल्युमिनियम लाकडाच्या सुमारे हजारपट उष्णतावाहक आहे, परंतु केवळ तेवढ्यावरून निवाडा करू नये. खोली तापते ती मुख्यतः काचेतून येणाऱ्या उन्हाने. जुन्या खिडकीची भरीव लाकडी झडप ते ऊन काचेच्या बाहेरच अडवते. शिवाय दोन पल्ल्यांच्या स्लायडिंग खिडकीचा एका वेळी अर्धाच भाग उघडतो, तर कवाडांची खिडकी पूर्ण उघडते. मे महिन्याच्या रात्री हा फरक झोपणाऱ्याला कळतो.

बदलणे केव्हा योग्य

चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजू पोकळ झाल्या असतील किंवा खिडकी मागाहून हलक्या जंगली लाकडाची बसवलेली असेल, तर आम्ही ती बदलण्यासच सांगतो. न्हाणीघराच्या खिडकीबाबतही आमचा आग्रह नसतो. वातानुकूलित खोलीत किंवा रावपुऱ्याच्या रहदारीच्या बाजूस जुनी खिडकी हवा आणि आवाज नक्कीच आत सोडते. तेथे जुनी तशीच ठेवून आतून दुसरी काचेची खिडकी बसवणे हा मधला मार्ग आहे.

चौकट काढण्यापूर्वी मात्र वरची तुळई पाहून घ्यावी. ती वाकलेली असेल तर भिंतीचा भार चौकटीवर आलेला असतो आणि टेकू न देता चौकट उपटल्यास वरचे बांधकाम खाली येऊ शकते. या कारणासाठी आम्ही काही कामे सरळ नाकारली आहेत. तसेच तांबेकर वाडा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक असून अशा स्मारकाच्या 100 मीटरच्या आत दुरुस्तीसाठीही परवानगी घ्यावी लागते. शेजारच्या रहिवाशांनी ती चौकशी आधी करावी.

पाहणीला येण्याचा दिवस ठरल्यावर कृपया खिडक्यांना नवा रंग लावू नये, कारण कूज त्याखाली झाकली जाते. गळून पडलेला पितळी कडी-कोयंडा, तुटलेली बिजागरी, निखळलेली पट्टी यांपैकी जे घरात असेल ते एका डब्यात घालून ठेवावे; तसा जुना भाग बाजारात मिळत नाही आणि नमुना हाती असल्यास आम्हाला तो घडवून घेता येतो.